आधी उमेदवारी, मग उद्योजकता

नोकऱ्या मागणारे नव्हेत, तर नोकऱ्या देणारे तरुण घडवायचे, हे वाक्य गेल्या दशकभरात राजधानीतील सरकारी भाषणांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, आता त्यावर कोणी थांबून विचारही करीत नाही. वरकरणी त्यात आक्षेप घेण्याजोगे काही नाही. सरकारी जागा मर्यादित आहेत, मोठ्या कारखान्यांत माणसांची जागा यंत्रे घेत आहेत आणि शेतीवर पोट भरणाऱ्यांचा भार आधीच पेलवेनासा झाला आहे. अशा वेळी तरुणांनी स्वतःचा उद्योग उभारावा आणि सरकारने भांडवलाची सोय करावी, हा विचार सरळ आणि सोयीचा वाटतो.

हा विचार कोणा एका पक्षाचाही नाही. नरसिंह राव सरकारने २ ऑक्टोबर १९९३ रोजी सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना सुरू केली. मनमोहन सिंग सरकारने २००८ मध्ये ती ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रमाशी जोडून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणला. मोदी सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मुद्रा, जानेवारी २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टँडअप इंडिया अशी योजनांची रांगच लावली. सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली, कर्जाच्या मर्यादा वाढल्या. परंतु बेरोजगार तरुणाच्या हाती कर्ज ठेवले की त्याचा उद्योजक होतो, हे गृहीतक तीन दशके अबाधित राहिले. बेरोजगारीच्या प्रश्नाचे घोडे नेमके याच गृहीतकापाशी अडले आहे.

स्वयंरोजगाराचा फुगवटा

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता. हा अहवाल सरकारने रोखून धरला होता. लोकसभा निवडणूक पार पडल्यावर, मे २०१९ च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला. २०२३-२४ पर्यंत हा दर ३.२ टक्क्यांवर आला आणि १५ ते २९ या वयोगटातील दर १७.८ वरून १०.२ टक्क्यांपर्यंत उतरला. सत्ताधारी पक्ष हे आकडे अभिमानाने सांगतो आणि आकडे खोटेही नाहीत. मात्र या घसरणीच्या पोटात काय दडले आहे, हे त्याच सर्वेक्षणाची पुढची पाने उलटली की दिसते.

या सहा वर्षांत एकूण कामकऱ्यांमधील स्वयंरोजगारितांचे प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेले. नियमित पगारदारांचे प्रमाण मात्र २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. स्वयंरोजगारितांत कोण वाढले? स्वतः धंदा चालविणाऱ्यांचे प्रमाण ३८-३९ टक्क्यांच्या आसपास जवळजवळ जागच्या जागी राहिले. वाढले ते घरच्या शेतात वा दुकानात विनावेतन हातभार लावणारे; त्यांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. यांत ग्रामीण महिलांचा वाटा मोठा आहे. याच काळात शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण ४४.१ वरून ४६.१ टक्क्यांवर चढले. म्हणजे बेरोजगारी कमी झाली ती नोकऱ्या देणारे वाढल्यामुळे नव्हे. घरच्या कामात सामावून घेतले गेलेले हात वाढल्यामुळे. शिकलेला मुलगा बापाच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसला की सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार तो बेरोजगार राहत नाही. त्याच्यामुळे दुकानाची विक्री वाढली का, हे ती व्याख्या विचारीत नाही.

दुसरीकडे शिक्षण जितके अधिक तितकी बेकारी अधिक, हे जुने दुखणे कायम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्थेने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार बेरोजगार तरुणांमध्ये माध्यमिक वा त्याहून अधिक शिकलेल्यांचे प्रमाण २००० सालापासून वाढत गेले. २०२२ मध्ये ते ६५.७ टक्के झाले. त्या वर्षी निरक्षर तरुणांमधील बेरोजगारीचा दर ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांमधील दर २९.१ टक्के होता. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मात्र थांबतो आणि त्याचे हे थांबणे परीक्षेच्या तयारीत जाते. रेल्वेने २०१९ मध्ये बिगरतांत्रिक संवर्गातील सुमारे ३५ हजार जागा जाहीर केल्या, तेव्हा सव्वा कोटी अर्ज आले. एका जागेमागे साडेतीनशे उमेदवार! त्याच भरतीवरून जानेवारी २०२२ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशात तरुण रुळांवर उतरले आणि गयेत रेल्वेचे डबे जळाले. दिल्लीतील जुने राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगर येथे महाराष्ट्रातून येऊन खोल्या घेणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी नाही. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली ती १,०१६ जणांची. उरलेल्यांची बावीस ते तीस ही उमेदीची वर्षे कोणतेही काम न शिकता निघून जातात. तिशीत घरी परतलेल्या या तरुणाला सरकार म्हणते, आता उद्योजक हो.

आठाचा गुणाकार

उद्योजकता योजनांचे यश मोजण्याची पद्धतही पाहण्याजोगी आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून २०२१-२२ मध्ये १ लाख ३ हजार उद्योग उभे राहिले आणि ८ लाख २५ हजार रोजगार निर्माण झाले, असे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने सांगितले. २०२२-२३ मध्ये उद्योगांची संख्या ८५ हजारांवर आली आणि रोजगार ६ लाख ८१ हजार झाले. दोन्ही वर्षांच्या आकड्यांचा भागाकार केला की उत्तर एकच येते : आठ. प्रत्येक उद्योग आठ जणांना काम देतो असे मानून हा हिशेब केलेला आहे. माणसे मोजलेली नाहीत.

देशातील छोट्या उद्योगांची प्रत्यक्ष मोजणी वेगळेच चित्र दाखविते. सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ मध्ये, देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत काम करणारे १३ कोटी १३ लाख लोक आढळले. मालकासह सरासरी सव्वादोन माणसे. त्यांपैकी जवळपास ७२ टक्के आस्थापनांत एकही पगारी माणूस नव्हता. पुढे बिगरशेती असंघटित क्षेत्राच्या २०२३-२४ च्या वार्षिक सर्वेक्षणात ७ कोटी ३४ लाख आस्थापना आणि १२ कोटी ६ लाख कामकरी नोंदले गेले. दोन्ही मोजण्यांची व्याप्ती सारखी नसल्याने त्यांची थेट तुलना करता येणार नाही; पण येथे सरासरी पावणेदोनलाही पोहोचत नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. कर्ज आणि अनुदान घेऊन उभा राहिलेला उद्योग या सरासरीहून मोठा असू शकतो, हे मान्य. तरीही तो दर वर्षी, दर जिल्ह्यात, बिस्किटांच्या कारखान्यापासून मंडप-सजावटीपर्यंत नेमक्या आठांनाच काम देतो, यावर विश्वास कसा ठेवायचा?

आपल्याकडे उद्योग कमी नाहीत, असा या मोजण्यांचा खरा अर्थ आहे. कमी आहेत ते वाढणारे उद्योग. एका माणसाचे दुकान वीस वर्षांनीही एकाच माणसाचे राहते. आणखी एक कोटी दुकाने उघडली तरी गिऱ्हाईक तेवढेच असेल, तर आहे तीच विक्री अधिक जणांत वाटली जाते. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने २०३० पर्यंत दर वर्षी बिगरशेती क्षेत्रात सुमारे ७८ लाख ५० हजार रोजगार लागतील, असा हिशेब मांडला होता. हा आकडा गाठायचा, तर दोन माणसांचा उद्योग दहांचा आणि दहांचा पन्नासांचा व्हायला हवा.

कर्ज कोणाला लाभते?

मुद्रा योजनेला एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ५२ कोटींहून अधिक कर्जे आणि ३२ लाख ६१ हजार कोटी रुपये असा हिशेब सरकारने मांडला. सावकाराच्या दारी जाणाऱ्या लाखो लोकांना बँकेचे दार उघडले, त्यांत दोनतृतीयांशांहून अधिक महिला होत्या, हे या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या कर्जांची सरासरी साठ-पासष्ट हजार रुपयांच्या घरात जाते. एवढ्या पैशात हातगाडीला माल येतो, शिलाई यंत्र येते, म्हैस येते. पगार देऊन माणूस ठेवण्याइतका उद्योग त्यात उभा राहत नाही. केंद्रीय श्रम कार्यालयाने २०१५ ते २०१७ या काळातील कर्जदारांची पाहणी केली, तेव्हा मुद्रामुळे १ कोटी १२ लाख अतिरिक्त रोजगार निर्माण झाल्याचा निष्कर्ष निघाला. पण त्याच पाहणीत नवा धंदा सुरू करणारा कर्जदार पाचांत एकच आढळला. उरलेल्या चौघांचा धंदा आधीपासून चालू होता.

ही बाब टीकेची नव्हे, धड्याची आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये सूक्ष्म कर्जाचा दीर्घ अभ्यास केला. तेथेही कर्जाचा लाभ प्रामुख्याने ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना झाला. सर्वसाधारण कुटुंबाच्या राहणीमानात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. त्याहून जुना दाखला आंध्रातील काकीनाड्याचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ च्या सुमारास तेथील लोकांना हैदराबादच्या संस्थेत उद्यमशीलतेचे प्रशिक्षण दिले. भारतातील उद्योजकता विकासाच्या चळवळीचा उगम या प्रयोगात सांगितला जातो. पण मॅक्लेलंड यांचे प्रशिक्षणार्थी बेरोजगार नव्हते. ते गावातले व्यापारी व छोटे कारखानदार होते आणि प्रशिक्षणाने त्यांचे चालू धंदे वाढले. पुढे प्रयोगाचे नाव राहिले आणि त्यातील ही अट विसरली गेली.

परदेशातील अनुभवही उपयोगी आहे. नायजेरियाने २०११ मध्ये तरुणांसाठी उद्योग-आराखड्यांची स्पर्धा घेतली. सुमारे २४ हजार अर्जांतून १,२०० जण निवडले आणि प्रत्येकाला सरासरी ५० हजार डॉलरच्या आसपास अनुदान दिले. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांच्या अभ्यासानुसार तीन वर्षांनी त्यातून सुमारे ७ हजार रोजगार उभे राहिले आणि दहांहून अधिक माणसे कामाला असलेले उद्योग विजेत्यांमध्ये स्पष्टपणे अधिक निघाले. नवे उद्योग त्यातही होते. पण निवड कठोर होती आणि रक्कम पुरेशी होती. आपल्याकडे उलट रीत आहे. निवड नाममात्र आणि रक्कम इतकी विभागलेली की कोणाचेच धड भागत नाही.

गलाईवाल्यांचा धडा

उद्योजक घडतो कसा, याचे उत्तर शोधायला मराठी माणसाला नायजेरियापर्यंत जाण्याची गरज नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली कुटुंबे दिल्लीच्या करोलबागेपासून दक्षिणेतील कोइम्बतूरपर्यंत पसरली आहेत. या गलाई व्यावसायिकांपैकी बहुतेकांनी सुरुवात कर्ज काढून केली नाही. गावातला मुलगा चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानात जाई. भट्टी पेटविणे, मुशीतला रस ओळखणे, कस लावणे, सराफाशी बोलणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याचे सोने हाती आले असता विश्वास राखणे, हे तो काही वर्षे शिके. मग कोठल्या तरी नव्या बाजारपेठेत त्याचे स्वतःचे दुकान लागे. पहिले गिऱ्हाईक नात्यातून, भांडवल नात्यातून आणि धंद्याची पत जुन्या मालकाच्या नावावर. कर्ज शेवटी आले. आधी उमेदवारी झाली.

तमिळनाडूतील तिरुप्पूरच्या होजियरी धंद्याची कहाणी याच वळणाची आहे. आज परदेशांत कपडे पाठविणाऱ्या तेथील अनेक मालकांनी एके काळी दुसऱ्याच्या शेडमध्ये कामगार म्हणून काम केले होते. यंत्र, माल, मजूर आणि खरेदीदार या चौघांची ओळख झाल्यावर त्यांनी स्वतःची शेड टाकली. या दोन्ही उदाहरणांत नोकरी आणि उद्योजकता या एकमेकींच्या विरोधी वाटा नाहीत. पहिली दुसरीची पायरी आहे. नोकऱ्या मागणारे नकोत, देणारे हवेत, ही घोषणा नेमकी येथे चुकते. ज्याने कधी नोकरी केली नाही, तो नोकरी देणार कशी?

अर्थात या परंपरेचे गोडवे गाऊन भागणार नाही. ती नात्याच्या आणि जातीच्या कुंपणात वाढली. ज्याचा मामा परमुलखात दुकान घेऊन बसलेला नाही, त्याला तेथे प्रवेश नव्हता. मुलींना तर नव्हताच. दलित, आदिवासी वा भूमिहीन घरातल्या पदवीधराला सरकारी परीक्षा जवळची वाटते, याचे एक कारण हेच आहे. परीक्षेत निदान ओळख विचारली जात नाही. ज्यांना मामा नाही त्यांच्यासाठी मामाची जागा घेणे, हे सरकारचे खरे काम आहे. आणि नेमके ते सोडून सरकारने सावकाराची जागा घेतली आहे.

राजकारणाची सोय

हे दिल्लीतील धोरणकर्त्यांना कळत नाही, असे नव्हे. तरीही कर्जवाटपाचाच मार्ग पुनःपुन्हा निवडला जातो, याची कारणे राजकीय आहेत. कर्जाची संख्या मोजता येते, प्रत्येक मतदारसंघात वाटता येते, मेळाव्यात धनादेशाच्या प्रतिकृतीसह छायाचित्र काढता येते. दोन माणसांचा कारखाना पाच वर्षांत वीस माणसांचा झाला, याचे छायाचित्र काढायला कोणी येत नाही. शिवाय कर्ज दिले की जबाबदारीही हस्तांतरित होते. धंदा बुडाला तर दोष तरुणाचा. सरकारने आपले कर्तव्य बजावलेले असते. २०१८ च्या प्रारंभी भजी तळून पैसे मिळविणारा रोजगारित म्हणायचा की नाही, यावरून संसदेत आणि संसदेबाहेर जे वाक्‌युद्ध झाले, त्यात सत्ताधाऱ्यांनी श्रमप्रतिष्ठेचा आणि विरोधकांनी उपहासाचा आधार घेतला. भजीवाल्याच्या गाडीवर दुसरा माणूस पगारावर कधी ठेवला जाईल, हा प्रश्न दोघांनीही टाळला.

बिहारच्या २०२५ च्या निवडणुकीत हा पेच पूर्णपणे उघडा पडला. तेजस्वी यादव यांनी प्रत्येक कुटुंबाला एक सरकारी नोकरी देण्याचे वचन दिले. सत्तारूढ आघाडीने महिला रोजगार योजनेखाली २६ सप्टेंबर २०२५ रोजी ७५ लाख महिलांच्या खात्यांत प्रत्येकी १० हजार रुपये जमा केले आणि धंदा चालला तर पुढे दोन लाखांपर्यंत मदतीची ग्वाही दिली. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीने २४३ पैकी २०२ जागा जिंकल्या. एका निकालाचा अर्थ एका योजनेत शोधणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु एका बाजूला तिजोरीला न पेलणाऱ्या नोकऱ्या आणि दुसऱ्या बाजूला उद्योगाला न पुरणारे भांडवल, या दोन टोकांपलीकडे ज्या राज्यातील तरुण कामासाठी देशभर जातात त्या राज्याच्या राजकारणालाही तिसरा पर्याय सुचला नाही, हे बोलके आहे. उत्तर प्रदेशानेही जानेवारी २०२५ पासून तरुणांना पाच लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची मोहीम सुरू केली. वाट तीच आहे, रक्कम तेवढी मोठी आहे.

तिसरी वाट

तिसरी वाट अगदीच अज्ञात आहे असे नाही. २०२४ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने पंचविशीच्या आतील पदवी वा पदविकाधारकांना एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीचा हक्क आणि वर्षाला एक लाख रुपये विद्यावेतन देऊ केले होते. निवडणुकीनंतर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोदी सरकारने पाच वर्षांत एक कोटी तरुणांना ५०० बड्या कंपन्यांत प्रशिक्षणार्थी म्हणून पाठविण्याची योजना मांडली. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष एकाच उत्तराकडे आले, ही दुर्मीळ गोष्ट होती. परंतु पहिल्या फेरीत ८२ हजार प्रस्तावांपैकी २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. महिना पाच हजार रुपयांत वर्षभर परक्या शहरात राहणे कोणाला परवडणार? मुख्य म्हणजे निवड चुकली होती. बड्या कंपनीच्या कार्यालयात वर्षभर बसून तरुणाला त्या कंपनीची शिस्त समजेल. कच्चा माल कोठून घ्यायचा, उधारी कशी वसूल करायची, शनिवारी मजुरी कशी भागवायची, हे समजणार नाही. ते दहा-वीस माणसांच्या कारखान्यात समजते आणि तो कारखाना या योजनेच्या बाहेर आहे. १९६१ पासून शिकाऊ उमेदवारी कायदा अस्तित्वात आहे. पण त्याची सक्तीही तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनाच लागू होते.

छोट्या कारखानदाराने शिकाऊ उमेदवार ठेवावा, त्याचे विद्यावेतन सरकारने भरावे आणि शिकविण्याबद्दल मालकालाही काही द्यावे, ही व्यवस्था कर्जमेळाव्यापेक्षा स्वस्त पडेल की महाग, हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन वर्षे काम केलेल्या तरुणाला मग मोठे कर्ज द्यावे. साठ हजारांचे नव्हे, यंत्र आणि खेळते भांडवल भागेल एवढे. कोणाला द्यायचे, हे बँकेला त्याच्या मालकाच्या आणि गिऱ्हाइकांच्या शब्दावरून कळू शकेल. गलाईच्या धंद्यात जी पत नात्यातून मिळे, ती येथे कामाच्या नोंदीतून मिळेल.

दुसरे काम अधिक जवळचे आहे आणि ते या शहरातल्या कार्यालयांतच अडलेले आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत. प्रत्यक्षात ते मिळत नाहीत म्हणून २०२३ मध्ये प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती करून, मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाकारण्यात आली. या तरतुदीची धास्ती उलट छोट्यांनीच घेतली, कारण खरेदीदार नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळतील, अशी भीती होती. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघू उद्योगांकडून करावी, असेही धोरण आहे. पण तरुण उद्योजकाचे देयक सहा-सहा महिने टेबलावर पडून राहिले, तर त्याला पुन्हा कर्ज काढून जुने कर्ज फेडावे लागते. सहा महिने अडकलेल्या दहा लाखांच्या देयकापुढे पन्नास हजारांचे नवे कर्ज ही मदत नव्हे, थट्टा आहे. ज्या अधिकाऱ्याची सही त्या देयकावर व्हायची असते, त्याच्या हाती उद्योजकता विकासाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. त्यासाठी नवी योजना, नवे संकेतस्थळ वा नवे नाव लागत नाही.

तिसरी गोष्ट मोजणीची. उद्योग उभा राहिला त्या दिवशी आठाने गुणाकार करण्याऐवजी तीन वर्षांनी तो चालू आहे का आणि त्यात किती जणांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो, हे पाहिले तर योजनांची गुणवत्ता आपोआप उघड होईल. ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेली ९९ हजार ४४६ कोटींची रोजगार प्रोत्साहन योजना भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवर आधारलेली आहे. म्हणजे अशी मोजणी शक्य आहे, हे सरकारला ठाऊक आहे. कर्जयोजनांना तीच फूटपट्टी लावण्याची तयारी मात्र अजून दिसत नाही. कारण ती लावली तर मेळाव्यात सांगायचे आकडे आक्रसतील.

तरुणांची संख्या हे भारताचे भांडवल असल्याचे जगभर सांगितले जाते. भांडवल पडून राहिले तर त्यावर व्याज मिळत नाही, हे बँकेला समजते. तिशीपर्यंत परीक्षा देत राहिलेला आणि त्यानंतर साठ हजारांचे कर्ज घेऊन गावात पाचवे किराणा दुकान टाकणारा तरुण हा सरकारी नोंदीत उद्योजक असतो. त्याच्या घरच्यांना मात्र तो काय आहे ते ठाऊक असते. त्याला विसाव्या वर्षी एखाद्या छोट्या कारखान्याच्या दारातून आत घेतले असते, तर तिसाव्या वर्षी तो दुसऱ्या चौघांना आत घेऊ शकला असता. नोकऱ्या देणारे तरुण असेच घडतात आणि त्यांना पहिली उमेदवारी कोण देणार, याचे उत्तर सरकारने अजून दिलेले नाही.